पिशवी आणि गाबोळी

मी पिशवी बोलतेय. बाजारात न्यायची नव्हे. पुस्तकात मला गर्भाशय म्हणतात, पण पनवेलच्या कोळीवाड्यात त्या नावानं मला कुणी ओळखायचं नाही. माझी मालकीण सोनाबाई. मासळी विकते.

मी मुठीएवढी, उलट्या पेरूसारखी. पुढे मूत्राशय, मागे आतडं. दोघं सारखी भरतात आणि मला ढकलतात. दोन्ही अंगांना एकेक नळी, नळीच्या टोकाशी बदामाएवढं अंडाशय. महिन्याला त्यातलं एखादं अंडं सुटायचं, नळी ते झेलायची. पाहुणा येणार म्हणून मी आतून रक्ताचं मऊ अंथरूण घालायची. तो आला नाही की अंथरूण माझ्या मुखातून योनीमार्गे बाहेर. घरात याला 'कावळा शिवला' म्हणत. तीस वर्षांत एकही कावळा माझ्यापर्यंत आला नाही, पण चार दिवस सोनाबाईनं पाण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही, हे ठरलेलं. मासळीच्या टोपलीला लावलेला चालायचा.

तीनदा पाहुणा राहिला. मी कलिंगडाएवढी झाले, नऊ महिने सांभाळलं, कळा काढल्या, दीड महिन्यात परत मुठीएवढी. बारशाला गावभर पेढे वाटले. मला कुणी विचारलं नाही. असो.

२००९ साली, तिच्या बेचाळिशीत, माझ्यात गाठ वाढली. अंगावरून इतकं जायला लागलं की बाजारात बसल्या बसल्या तिला घेरी यायची. गोळ्या झाल्या, रक्त चढवून झालं. शेवटी डॉक्टर चारुता मॅडम म्हणाल्या, पिशवी काढू, आणि सोबत अंडाशयंही. आता त्यांचं काम तरी काय?

सोनाबाई धसकली. बाजारात शेजारी बसणाऱ्या गुणाबाईचं असंच सगळं काढलं होतं. तेव्हापासून तिच्या अंगातून वाफा निघायच्या, हाडं ठणकायची. चाळिशीच्या आत बाई म्हातारी झाली. अंडाशयांतून रक्तात मिसळणारा रस बंद झाला की असंच होतं. सोनाबाईनं मॅडमना माझं चित्र काढायला लावलं. जन्मभर मासे चिरलेली बाई ती, तिला कळायला कितीसा वेळ?

"मॅडम, ही बाजूची गाबोली ना? पिशवी खराब झाली तं पिशवी काडा. गाबोलीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

गाबोळी म्हणजे माशाची अंडी. मॅडम हसल्या नाहीत. सोनोग्राफीचा कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, चांगली दिसतायत, ठेवू. पण पोट उघडल्यावर खराब निघाली तर काढावी लागतील. सोनाबाई तशीच धास्तावून टेबलावर गेली.

ऑपरेशन झालं. रीतीप्रमाणे मला स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकाला दाखवायला नेलं. नातेवाईक म्हणजे तिचा नवरा काशिराम, खाडीत जाळी टाकणारा. बाकीचे नवरे लांबूनच मान हलवतात म्हणे. हा वाकला. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. मग आत जाऊन अर्धवट शुद्धीतल्या बायकोच्या कानाशी म्हणाला, "गाबोली नाय त्यात. तुझ्याजवलच हाय."

ती रडली. मलाही भरून आलं, पण भरून यायची माझी सोय आता उरली नव्हती.

मला औषधाच्या पाण्यात बुडवून बरणीत घातलंय. तपासणीला लॅबमध्ये पोचवायचं काम काशिरामकडेच आलंय. तेव्हा निघते. बायांनो, आपल्या पोटाचं चित्र एकदा कुणाकडून तरी काढून घ्या, एवढंच मागणं. रिक्षात त्यानं मला मांडीवर दोन्ही हातांनी धरलंय. खड्डा आला की म्हणतो, "दादा, जरा सावकाश." तिन्ही पोरं माझ्यात होती तेव्हा असं एकदाही म्हणाला नव्हता.