लाभाचं पोतं

चौपन्न साली धान्याचे भाव असे कोसळले की बाजारात माल आणून गाडीभाडंही सुटेना. कळंबच्या मोंढ्यात, धान्याच्या पेठेत, गाड्या यायच्याच थांबल्या. महालिंगप्पा अडत्यानं दुकानाला कुलूप ठोकलं आणि पंधरा दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. माणूस मुलखाचा हट्टी; दुखत-खुपत काही नसताना आजारी पडला, तेही मन लावून.

सोळाव्या दिवशी बायकोनं, गिरिजाबाईनं, त्याला बातमी सांगितली. चाँदपाशा हमालाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, आणि तिनं पाठवलेली ज्वारी त्यानं हात जोडून परत केली होती. काम केल्याशिवाय तो कुणाचं खाणार नव्हता. वीस वर्षं या माणसानं महालिंगप्पाच्या दुकानचा माल पाठीवर वाहिला होता.

महालिंगप्पा उठला, धुतलेलं धोतर नेसला, दुकान उघडलं आणि घरच्या खायच्या ज्वारीचं शेवटचं पोतं सौद्याला मांडलं. शेजारच्या अडत्यानं रीतीप्रमाणं उपरण्याखाली हात घालून त्याची बोटं दाबली, आणि बोटांच्या त्या मुक्या खुणेनं भाव ठरला. मोंढ्यात पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मापाडी व्यंकट गंभीरपणे ‘लाभ’ म्हणाला आणि पुढं मोजायला काही नाही म्हणून थांबला. चाँदपाशानं पोतं शेजारी नेऊन टाकलं. संध्याकाळी महालिंगप्पानं तेच परत विकत घेतलं, चाँदपाशानं परत आणलं, आणि गिरिजाबाईनं त्यातूनच दोन शेर ज्वारी हमाली म्हणून मापून दिली. ती त्यानं ताठ मानेनं घेतली.

महिनाभर हेच चाललं. रिकामे लोक सौदा बघायला जमू लागले. भाव उपरण्याखालीच राहायचा, कुणाला दिसायचा नाही. तरी आज चढला की उतरला यावर दुपारपर्यंत वाद व्हायचे. लोकांना पुन्हा भांडायला विषय मिळाला होता.

महालिंगप्पाला घोर वेगळाच होता. पोतं हलकं होत चाललं होतं. घरचं खाणं संपतंय हे चाँदपाशाला कळलं, तर तो भरल्या ताटावरून उठणार. मग जन्मात मापाला खोट न लावलेला महालिंगप्पा आंघोळीला म्हणून मांजरा नदीवर जायचा, ओल्या धोतरात वाळू बांधून आणायचा आणि पोत्याच्या तळाशी भरायचा.

अशात लातूरचा एक व्यापारी आला आणि ते पोतंच मागू लागला. विकलं तर आतली वाळू उघडी पडणार होती. महालिंगप्पानं त्याला टाळायला उपरण्याखाली तिप्पट भाव दाबला. विंचू चावल्यागत हात काढून घेत व्यापारी बसनं परत गेला आणि कळंबला ज्वारी पेटलीय म्हणून लातूरभर बोंबलत सुटला. आठवड्याच्या आत मोंढ्यात वीस गाड्या उभ्या राहिल्या आणि मागोमाग घेणारेही आले. व्यंकट ‘लाभ’ म्हणून सवयीनं थांबला, तेव्हा सगळ्या मोंढ्यानं मिळून त्याला ‘दोन’ सांगितलं.

दुपारी महालिंगप्पानं चाँदपाशाला जुन्या पोत्यापाशी नेलं आणि आत वाळू असल्याचं कबूल केलं.

“ठाव हाय, आप्पा,” चाँदपाशा म्हणाला. “जवारी पाठीवर सरकती, वाळू बसती. पहिल्या दिसापासनं ठाव हाय.”

“मग बोलला का न्हाईस?”

“बोललो असतो तर तुमी पुन्यांदा भिताडाकडं तोंड केलं असतं. आमची चूल पेटली नव्हती, ते खरं. पर जवारी परत कर, असं गिरिजाअक्कांनीच सांगितलं हुतं. म्हनल्या, हे दुसऱ्या कशानं उठायचे न्हाईत.”

महालिंगप्पानं खांद्यावरचं उपरणं काढलं, हातावर टाकलं आणि त्याखाली चाँदपाशाचा हात घट्ट धरला. बोटं मात्र दाबली नाहीत. काय भाव ठरला, म्हणून व्यंकट लांबून विचारत राहिला.