काचेला कळलेलं विष

"ताई, काचेला बोट लागू देऊ नका," रेश्मा मॅडम म्हणाल्या आणि लगेच ओशाळल्या. त्या काचेच्या तारा सहा वर्षं विजयमालाच धूत होती. बोटाचा ठसा उमटला की दिवस वाया जातो, हे तिला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं.

नवरा नानासो गेल्यावर तीन वर्षांनी तिनं म्हसवड सोडलं आणि सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात रेश्मा मॅडमच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली. त्या दिवशी गावोगावच्या दवाखान्यांतल्या नर्स प्रयोग बघायला आल्या होत्या. मॅडम त्यांना समजावत होत्या. उजेड तारेच्या आतूनच पळतो, पण वरचं आवरण काढलं की काचेला लागून बाहेर थोडासा पाझरतो, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. त्या पाझरणाऱ्या उजेडात काचेवर सापाचं विष येऊन चिकटलं, तर पलीकडच्या टोकाला उजेड बदलतो. साप चावलाय का, ते रक्ताच्या थेंबावरून बारा मिनिटांत कळतं.

मग त्यांनी मण्यारीचं सांगितलं. ती झोपेत चावते, खूण राहत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटत जातात, जीभ जड होते. खाण्यात काही आलं असेल म्हणून डॉक्टरही फसतात. माणूस शुद्धीत असतो, ऐकतो, पण त्याला बोटही हलवता येत नाही.

विजयमालानं हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडा धरून उभी राहिली.

सगळ्या गेल्यावर तिनं मॅडमना सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी मेंढरं वाड्यात घालून नानासो जमिनीवरच झोपला होता. पहाटे त्याचं पोट दुखायला लागलं, मग पापण्या मिटत गेल्या, बोलणं बंद झालं. आदल्या दिवशीचं हुलग्याचं माडगं, म्हणजे पातळ पेज, त्याला रात्री त्याच्या आईनं, बनुबाईनं, वाढलं होतं. काही चावलंय का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा अंगावर खूण नव्हती म्हणून विजयमालानंच 'न्हाई' म्हणून सांगितलं. दुपारी तो गेला. शिळ्या खाण्यानं गेला, असंच सगळ्यांनी धरलं.

"खात्रीनं आता कुणालाच सांगता येणार नाही, ताई," मॅडम म्हणाल्या. "पण शिळ्या माडग्यानं पापण्या सहसा अशा पडत नाहीत."

"मी व्हय म्हनले असते तर?"

"कदाचित वाचले असते." मॅडमनी खोटं बोलायचं टाळलं. विजयमालाला त्याचं बरंच वाटलं.

रविवारी ती म्हसवडच्या एसटीत बसली. बनुबाई ओसरीवर सुपात बाजरी निवडत होती. नजर अधू झाली होती, खडे बोटांनीच चाचपून काढत होती. विजयमाला तिच्यासमोर बसली आणि तिनं मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. डॉक्टरांना आपण दिलेलं उत्तरही लपवलं नाही.

"तुमच्या माडग्यानं काय झालं न्हाई, आत्याबाई. चूक झाली आसंल तर ती माजी."

बनुबाई रडली नाही. रागावलीही नाही. "तुला तरी काय दिसत हुतं," एवढंच म्हणाली. मग तिनं विचारलं, "त्याला ऐकू येत हुतं म्हनतीस?"

विजयमालाला नानासोचा शेवटचा दिवस आठवला. त्या दिवशी म्हातारी लेकाच्या उशाशी बसून दुपारपर्यंत एकच म्हणत होती, माज्या हातनं तुजा घात झाला रं. आणि त्याला सांगता येत नव्हतं, की आये, तुज्या हातनं नव्हं.

"व्हय," विजयमाला म्हणाली. "तुमी जवळ हाय, हे त्यास्नी कळत हुतं."

बनुबाईनं सुपातली बाजरी दोन्ही हातांनी सारखी केली. मग मोडून पुन्हा सारखी केली.