सानगडीचा राक्षस आणि कॉलेजचा जिना

सानगडीच्या मंडईत त्या साली राक्षस ओरडला, तेव्हा तलावावरची बदकं जी उडाली ती थेट नवेगावच्या बांधावर जाऊन बसली म्हणतात. बदकांचं थोडं कमीजास्त होऊ शकते. पण राक्षस ओरडला हे खरं, आणि पडला हे त्याहून खरं.

दिवाळी आटोपली की आपल्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुण्यांनी घरं फुगतात, आणि भरदुपारी चौकात दंडार, म्हणजे सोंगांचं नाटक, उभी राहते. सानगडीच्या दंडारीत राक्षस म्हणजे तुलाराम. दुसऱ्या कोणी मुखवट्याला हात लावायची टाप नव्हती. पण त्या दिवशी व्याह्याच्या घरचं मटण तुलारामनं जरा जास्तच मायेनं खाल्लं, आणि ऐन वेळी डबा घेऊन तो वावराकडे पळाला. इकडे ढोलकीवर बसलेल्या तेजरामनं राक्षसाच्या येण्याचा ठेका धरला. राक्षस येईना. पुन्हा धरला. लोक शिट्ट्या मारू लागले.

तेजरामची लेक खुशबू पडद्यामागं उभी होती. लाखनीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि रोज पहाटे सडकेवर धावायची, कारण तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. त्या धावण्यापायी तिनं बघायला आलेले दोन पाहुणे चहा पाजून परत पाठवले होते. राक्षसाची आरोळी तिला लहानपणापासून पाठ. बापाचा ठेका वाया चाललेला तिला पाहवला नाही. तिनं काळा झगा चढवला, मुखवटा बांधला, बैलबंडीवर चढली आणि अशी ओरडली की बदकांचं वर सांगितलंच. मग तिनं उडी मारली.

उडी उत्तम होती. खाली मात्र कोणाचं तरी उखळ होतं.

ती तडफडू लागली. लोकांना वाटलं, काय काम करते राक्षस! बक्षिसं पडू लागली. दंडारीतला राजा तर इतका रंगला, की मेलेल्या राक्षसालाही त्यानं चार काठ्या जास्तीच्या हाणल्या. शेवटी तेजरामनं ढोलकी टाकून राक्षसाला पडद्यामागं ओढलं. एवढ्यात तुलाराम परतला. त्यानं वाहवा ऐकली, आणि मुखवटा काखेत मारून तो बाहेर नमस्कार करायला गेला.

पोरीनं राक्षस केला हे बोभाटलं तर बरं दिसणार नाही, असं दोघा बाप्यांनी तिथंच ठरवलं. खुशबूला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तेव्हा तिच्या तोंडून शिव्याच निघाल्या असत्या.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, नळीचं हाड दोन जागी मोडलं आहे. आत सळई टाकली तर पोरगी पहिल्यासारखी धावेल, पण खर्च मोठा. नुसतं प्लास्टर केलं तर चालेल, पण लंगडत. आणि उशीर केला तर हाड वाकडं धरायला लागेल.

तेव्हा कॉलेजातली मैत्रीण रिता म्हणाली, आपला विमा आहे न. फी भरतो तेव्हाच निघतो, ओळखपत्राच्या मागं छापलं आहे. खुशबूनं आपलं ओळखपत्र उलटून पाहिलं. मागं तिनं भरतीच्या मैदानाचा फोटो चिकटवला होता. खाली विमा होता, दोन वर्षं.

चंद्रभागाबाईनं, म्हणजे खुशबूच्या आईनं, रिताच्या तोंडावर हात ठेवला. तिच्या मते विमा माणूस मेल्यावरच मिळायचा, आणि पोरगी तर समोर पेरू खात होती. कॉलेजातल्या निम्म्या पोरांचंही मत हेच होतं. उरलेल्या निम्म्यांना विमा आहे हेच ठाऊक नव्हतं.

तेजरामला मात्र एकदम हुशारी सुचली. कॉलेजचा विमा म्हणजे कॉलेजातच पडलं पाहिजे. वावरातल्या पंपाचा विमा घरच्या मिक्सरला चालते का? तो दवाखान्यात छाती काढून सांगून आला की पोरगी मंडईच्या दिवशी कॉलेजच्या जिन्यावरून पडली.

मंजुरी आली की या, म्हणून दवाखान्यानं पाय बांधून घरी पाठवलं. मंजुरी आली नाही. चौकशीचे साहेब आले, भूपेंद्र नावाचे. आधी ते लाखनीला कॉलेजात गेले होते. मंडईच्या दिवशी कॉलेज दिवाळीच्या सुट्टीत बंद होतं. आणि ते तळमजल्याचं होतं. जिना नव्हताच. साहेबांनी चौकीदाराला घेऊन सगळं आवार पालथं घातलं, तेव्हा झेंड्याच्या ओट्याला एक पायरी सापडली.

सानगडीत येऊन अंगणात खुर्चीवर बसल्यावर साहेब शांतपणे म्हणाले, "तेजरामजी, तो जिना मला दाखवता का? मी फार शोधला."

तेजराम खाली पाहू लागला. खाटेवर पाय लांब करून बसलेल्या खुशबूला कळलं, की आता गप्प बसलं तर पाय गेला, आणि पायासंगं मैदान गेलं.

"मी कॉलेजात नाही पडली, साहेब," ती म्हणाली. "मी मंडईत पडली. राक्षस होऊन."

साहेबांनी पेन खिशात ठेवला. आधी जिना, आता राक्षस, उद्या विमानातून पडलो म्हणाल, असं म्हणून ते उठले. खोटी हकीकत लिहून घ्यायची आपली नोकरी नाही, हेही बोलले.

"एवढं सांगा जी," खुशबूनं त्यांना थांबवलं. "कॉलेजाबाहेर पडलेलं चालते का?"

"चंद्रावर पडलीस तरी चालतं. अपघात खरा पाहिजे."

चंद्रभागाबाईनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तेजराम पुटपुटला, "मंग आपण खोटं कायले बोललो?"

"आपण नाही, तुमी," ती म्हणाली.

साक्षीदारांचा तुटवडा नव्हता. राक्षस पडताना अख्ख्या गावानं पाहिला होता. साहेब परत खुर्चीवर टेकले. अंगणात जमलेल्यांना त्यांनी विचारलं, तर सगळ्यांनी एका सुरात तुलारामचं नाव घेतलं. मुखवट्याआडचं तोंड कोणी पाहिलं होतं? तुलाराम तर तेव्हापासून टपरीवर त्या उडीच्या नावावर फुकटचा चहा पीत होता. त्याला बोलावलं. तो आला, मिशीला पीळ देत.

"काका," खुशबू म्हणाली, "साहेबांसमोर एकदा ओरडून दाखवा न."

तुलाराम ओरडला. बरं ओरडला. एका कोंबडीनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा दाणे टिपू लागली.

मग खुशबूनं खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. तो पाय, ते मैदान, तो नसलेला जिना, सगळं छातीत भरून घेतलं आणि ती ओरडली. गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. छपरावरची दोन कवलं घसरली. साहेबांची खुर्ची साहेबांसकट मागं गेली. सडकेवरच्या एका ट्रकनं ब्रेक मारला, आणि ड्रायव्हर उतरून टायर पाहू लागला.

पहिली बोलली ती म्हातारी रुखमिणी. तिला दिसायचं कमी, म्हणून ती दंडार कानानंच पाहायची. काठी टेकत खाटेजवळ येऊन तिनं खुशबूच्या गालावरून हात फिरवला.

"हाच व हा," ती म्हणाली. "ह्याच राक्षसानं त्या दिवशी माह्या हातचा चहा सांडवला."

सगळे तुलारामकडे वळले. त्यानं मिशी सोडली आणि हात जोडले.

"साहेब जी, मी त्या वक्ती वावरात बसलो होतो. आरोळी आयकली न डबा तिथंच सोडून पळालो. मले वाटलं, खराच आला."

अंगण असं हसलं की उरलेली कवलंही हलली. साहेब हसत हसत पुन्हा खुर्चीवर बसले आणि खिशातून पेन काढला. तुलारामनं सही केली, राजाचं काम करणाऱ्यानं जास्तीच्या चार काठ्यांसकट सांगितलं, आणि उखळाच्या मालकिणीनं उखळ आणून दाखवलं. निघताना साहेब तेजरामला म्हणाले, पुढच्या वेळी जिथं पडाल तिथलंच सांगा. तेजराम म्हणाला, हो जी, आता जिना बांधला तरी तिथून पडणार नाही.

मंजुरी आली. सळई बसली. काठी सुटल्यावर कॉलेजनं खुशबूला नव्या पोरांसमोर विम्यावर बोलायला उभं केलं. ती म्हणाली, ओळखपत्र उलटून पाहा, आणि बापाला दवाखान्यात एकटं पाठवू नका. त्या दिवशी लाखनीत शेकडो ओळखपत्रं एकदम उलटली, त्या वाऱ्यानं फळ्यावरचा खडू उडाला.

भरतीच्या दिवशी भंडाऱ्याच्या मैदानाबाहेर कुंपणाला सानगडी लटकली होती. तुलारामनं मुखवटा सोबत आणला होता. मंडईत आता राक्षस तीच व्हायची, आणि तो तिचा मुखवटा सांभाळायचा. खुशबू आठशे मीटरला उभी राहिली. सळईचा पाय पुढं. शेवटच्या वळणापर्यंत दोघी तिच्या पुढं होत्या. तेजरामला राहवलं नाही, त्यानं कुंपणाच्या पत्र्यावर बोटांनी तोच ठेका धरला.

खुशबूनं तो ऐकला. वळणावर तिनं छाती भरली.

पुढच्या दोघी बाजूला का झाल्या, हे त्यांनी अजून कोणाला सांगितलं नाही. घड्याळ धरलेला हवालदार मात्र सांगतो, की त्यानं बटण दाबलं नव्हतं, घड्याळ आपोआप थांबलं. आणि तलावावरची बदकं त्या दिवशी नवेगावाहून परत सानगडीला आली.