कोऱ्या रोख्यांवरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी शिक्का आहे. मला शाई लागत नाही. माझी मूठ दाबली, की कागदावर शहराची मुद्रा उठते आणि बोटांना लागते. जन्म एका ओतशाळेतला. आयुष्य मात्र नगर मंडळाच्या कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर गेले.

शहराला पूल किंवा जलवाहिनी बांधायची असली, की मंडळ कर्जरोखे काढी. कर्जरोखा म्हणजे शहराने दिलेला लेखी शब्द: आज पैसे द्या, त्यातून अमुक काम करू आणि ठरल्या वर्षी व्याजासकट परत करू. माझ्या ठशावाचून त्या शब्दाला कवडीची किंमत नसे. मला याचा भारी तोरा होता, खोटे कशाला बोलू!

माझी मूठ कारकूनकाकांच्या हाती असे. त्यांची एक रीत होती. रोख्यावरचे कामाचे नाव मोठ्याने वाचायचे, मगच मूठ दाबायची. दोनशे रोखे असले तर दोनशे वेळा.

"काका, कागदाला ऐकू येत नाही हो!" सगळे हसत.

"मला येतं ना," काका म्हणत.

एका वर्षी टेकडीवरची पाण्याची जुनी टाकी तडकली. तिच्या खालच्या गल्लीत काकांची धाकटी बहीण राहत होती. नव्या टाकीसाठी रोखे काढायचे ठरले, तेव्हा काकांच्या जिवात जीव आला. सचिवसाहेबांनी गठ्ठा आणून ठेवला. कामाच्या नावाची जागा कोरी होती.

"साहेब, यावर नावच नाही."

"छापखान्याने घोळ घातलाय. टाकीचेच आहेत, नाव नंतर भरू. उद्या विक्री सुरू करायचीय. उशीर झाला तर तुमच्या बहिणीचीच टाकी रखडेल, बघा बुवा."

बहिणीचे नाव निघाले आणि काका विरघळले. त्या दिवशी त्यांनी काहीच वाचले नाही. कचेरीत फक्त माझी खटखट ऐकू येत होती.

पुढे त्या कोऱ्या जागी 'मंडळाचे नवे सभागृह' असे भरले गेले. रोखे हातोहात खपले. काकांनी अर्जांवर अर्ज केले. उत्तर एकच मिळाले, "शिक्का तर तुमच्याच हातचा आहे."

सभागृहाला संगमरवरी पायऱ्या बसल्या, त्याच महिन्यात भरदुपारी टाकी फुटली. गल्लीतली अकरा माणसे गेली. काकांची बहीण दोरीवर कपडे वाळत घालत होती.

आठवड्याने काका आले. एक कोरा कागद त्यांनी माझ्यात सरकवला आणि मोठ्याने म्हणाले, "पाण्याची टाकी." मूठ काही दाबली नाही. पुन्हा म्हणाले. मग माझ्यावर फडके टाकून निघून गेले, ते कायमचेच.

आता मी त्याच सभागृहात, काचेच्या कपाटात आहे. पाहुण्यांना सांगतात, "याच शिक्क्याच्या जोरावर ही इमारत उभी राहिली." लोक कौतुकाने वाकून बघतात. मला लाज वाटते, पण तोंड फिरवता येत नाही.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. उद्या तुमच्या हाती अशी मूठ आली, तर आधी मोठ्याने वाचा. वाचायला काही नसेल, तर हात मागे घ्या. कोणी तुमच्याच माणसाचे नाव घेऊन घाई केली, तर तो सगळ्यात आधी मागे घ्या.