फरशीखालचं नाव

जुन्या फर्निचरचे व्यापारी रतिलालशेठ जळगावहून टेम्पो घेऊनच आले, म्हणजे कपाट आजच न्यायचं, हे ठरवूनच. कपाट तरी कसलं! इटलीतलं, दीडशे वर्षांचं, कमरेइतकं उंच, अंगभर द्राक्षवेल कोरलेली आणि वर संगमरवरी फरशी. पाय सिंहाच्या पंजासारखे, त्यातला पुढचा एक वाळवीनं खाल्लेला. धुळ्याच्या देवपुरात जहांगीर मिस्त्रींच्या दुकानात तो नवा झाला. पण केला मिस्त्रींनी नव्हे, त्यांच्या मुलीनं, नाजमीननं. मिस्त्रींचा हात गेलं वर्षभर थरथरतोय. सव्वा महिना ती त्या सिंहाच्या पंजाशी झटली. चार वेळा बिघडला, चारही वेळा रडली, आणि पाचव्यांदा असा उतरला की जुना कुठला नि नवा कुठला, ओळखून दाखवा!

"वा मिस्त्री!" शेठ पंजावर हात फिरवत म्हणाले. "अजून हातात जादू आहे."

मिस्त्री खाली बघत राहिले. नाजमीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शेठ, जरा फरशी उचलू लागा."

दोघांनी फरशी भिंतीला टेकवली. खालच्या फळीवर इटलीतल्या सुतारानं पेन्सिलीनं स्वतःचं नाव नि साल लिहिलेलं होतं. त्याखाली ताजं मराठी अक्षर: पुढचा डावा पाय, नाजमीन जहांगीर, धुळे.

शेठचा चेहरा उतरला. "हे खोड आधी! बठ्ठं, सगळंच्या सगळं, जुनं म्हणून विकायचंय मला. कारागिराचं नाव असतं का कुठं?"

"ह्याचं आहे की! त्याचं चालतं, मग माझं का नाही?"

"मिस्त्री, पोरीला आवरा. नाहीतर यापुढे माझं काम बंद."

"खोडून टाक, बेटा," मिस्त्री पुटपुटले.

नाजमीनला फार लागलं ते. पण रडली नाही. तिनं कपाटाखाली विटा सरकवल्या, पाय हिसकून काढला आणि मांडीवर घेऊन बसली. चिकटवायचा सरस अजून लावलाच नव्हता.

"घ्या. आता बठ्ठं जुनं. न्या."

"मिस्त्री, तुम्ही करा दुसरा पाय!"

मिस्त्रींनी आपला हात शेठच्या डोळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता.

"ह्या हातानं? शेठ, पाय तिनं केलाय. मी नुसतं पॉलिश केलं." मग ते मुलीकडे वळले. "पेन्सिल दे."

"खोडायला, अब्बा?"

"चाळीस वर्षांत एकदाही नाव लिहिलं नाही मी."

अक्षरं वेडीवाकडी आली: पॉलिश, जहांगीर. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेठनं कपाळाला हात लावला.

"बसव बाई पाय. आणि फरशी ठेव एकदाची."

"ठेवते," नाजमीन म्हणाली. "आधी तिन्ही नावं वाचा. मोठ्यानं."

शेठनं खिशातून चष्मा काढला.