तिसरा देश शोधताना

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. माझी मूठ आता दोऱ्याने बांधलेली आहे आणि कडी नीट बसत नाही. माझा जन्म अमेरिकेतल्याच एका लहान कारखान्यात झाला. नेपरव्हिल या तिथल्याच गावचे डॉक्टर मनोहर यांनी मला विकत घेतलं आणि कितीतरी हिवाळे मी त्यांच्याबरोबर बर्फातून हॉस्पिटलात गेले. ते निवृत्त झाले आणि माझी रवानगी कोटांच्या कपाटात झाली. तिथे धूळ खात पडले असताना त्यांच्या लेकीने, नैनाने, मला उचललं. "बाबा, ही मी यूज करते हं," एवढंच ती म्हणाली.

नैना वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्यात होती. तिचं काम सांगायला सोपं, करायला अवघड. ग्वांतानामोच्या लष्करी तळावरच्या तुरुंगात अमेरिकेने काही उइघुर माणसं बरीच वर्षं डांबून ठेवली होती. उइघुर म्हणजे चीनच्या पश्चिमेकडचे मुसलमान लोक. ही माणसं अमेरिकेची शत्रू नाहीत, हे सरकारनेही मान्य केलं होतं. पण चीनला परत पाठवलं तर तिथे त्यांचा छळ होण्याची भीती आणि अमेरिकेत येऊ द्यायला कायद्याची मनाई. उरला तिसरा देश. तो नैनाने शोधायचा होता.

मी तिच्यासोबत कितीतरी मंत्रालयांत गेले. सगळीकडे गोड बोलणं, गरम चहा आणि शेवटी एकच प्रश्न: "ते निर्दोष आहेत, तर तुम्हीच का ठेवून घेत नाही?" अशा वेळी नैना माझी कडी उगाच उघडायची आणि मिटायची.

बाबाही फोनवर तेच विचारायचे. "घरात खोल्या रिकाम्या आणि पाहुण्याची सोय शेजाऱ्याकडे लावायला निघालीस?"

"बाबा, ते माझ्या हातात नाही," ती थकून म्हणायची.

अखेर एका बेटाच्या देशाने त्यांच्यातल्या मेमेत आणि इमिन या दोघांना घ्यायचं कबूल केलं. नैना ते सांगायला तळावर गेली. मेमेत गावाकडे भट्टीत रोट्या भाजायचा. त्याने दुभाष्यामार्फत विचारलं, "तिथे गहू पिकतो का?"

"पिकत नाही. जहाजाने येतो."

"मग चालेल," तो म्हणाला. इमिन वयाने मोठा. त्याने हाताने दाढी नीट केली.

आणि मग त्या देशाच्या मंत्र्याचा फोन आला. चीन त्यांना बंदर बांधून देणार होता, पण या दोघांना घेतलं नाही तरच. "आम्ही लहान माणसं, मॅडम. समजून घ्या."

ही बातमी कैद्यांच्या वकिलांकडून कळवता आली असती. वरिष्ठांनी तसं सुचवलंही. पण नैनाने मला उचललं आणि ती पुन्हा तळावर गेली. तिने सगळं स्वतः सांगितलं. इमिनने भिंतीकडे तोंड फिरवलं. मेमेत तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "नकार सांगायला इथे कुणी येत नाही. तुम्ही आलात."

त्यानंतर पुन्हा तेच सुरू झालं. विमानं, चहा, तोच प्रश्न. माझी शिवण उसवली, नैनाचे केस पांढरे झाले. शेवटी एका थंड देशाने हो म्हटलं आणि तळावर विमान खरोखर येऊन उभं राहिलं. तरी इमिन उठेना.

"उद्या पुन्हा नाही म्हणाल," तो म्हणाला.

 नैना त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. तिने मला बाजूला ठेवलं. मेमेतने पुढे येऊन इमिनच्या पायांत बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि त्याला हाताला धरून उठवलं. दोघं विमानाकडे चालू लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आनंद करायला कुणाच्यात त्राण उरलं नव्हतं.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. चामडं आहे, झिजायचंच. पण कुणाला शब्द दिलात आणि तो पाळता आला नाही, तर निरोप धाडू नका. स्वतः जा आणि सांगा. वाट पाहणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क आहे.