माझ्या खांद्यावरची चूल

मित्रांनो, मी एक जुना डोंगर आहे आणि अजून माझी वाढ थांबलेली नाही. तुमचा सह्याद्रीही म्हणे फार पूर्वी असाच तापट होता. आता तो निवलाय, अंगावर गवत आणि देवळं घेऊन शांत बसलाय, याचं मला कौतुक वाटतं. आम्हा जावा बेटावरच्या डोंगरांना ते सुख नाही. आम्ही पोटात विस्तव घेऊनच जन्माला आलो. जमिनीला एक भेग पडली, तिच्यातून राख उडाली, राखेवर दगड, दगडावर पुन्हा राख, असा मी थराथराने उभा राहिलो. माझं नाव वुलुंग.

आमचं कुटुंब मोठं आहे. सेमेरू या बेटावर सगळ्यांत उंच, आणि ते तो कुणाला विसरू देत नाही. दर थोड्या वेळाने डोक्यावर धुराचा तुरा काढून दाखवतो. मर्बाबू माझ्याजवळच आहे, पण युगायुगांत त्याच्या तोंडून शब्द नाही. सामुद्रधुनीपलीकडे बालीत अगुंग आहे, त्याच्यापुढे पोटात तळं बाळगणारा रिंजानी, आणि त्याच्याही पुढे तांबोरा. तांबोराचा विषय निघाला की आम्ही सगळेच गप्प होतो. तो एके काळी फार उंच होता. मग एका एप्रिल महिन्यात त्याचं डोकंच उडालं. तो आवाज इथे माझ्यापर्यंत आला. इथल्या लोकांना वाटलं, समुद्रात कुणीतरी तोफा डागतंय. तांबोराच्या पायथ्याशी जी माणसं राहत होती, त्यांची एक वेगळी भाषा होती. त्या दिवसानंतर ती बोलणारं कुणी उरलं नाही. मित्रांनो, मला आजही त्याची भीती वाटते, कारण जे त्याच्या पोटात होतं तेच माझ्याही पोटात आहे.

माझी राख मात्र फार गुणाची. तिच्यात काठी खोवली तरी पालवी फुटते. त्या राखेच्या ओढीने माणसं माझ्या अंगावर चढत चढत आली. त्यांनी तंबाखू लावली, कोबी लावला, गायी आणल्या. माझ्या दक्षिणेच्या खांद्यावर त्यांनी गाव वसवलं. ती मला 'आजोबा' म्हणू लागली. दर वर्षी सुरो महिन्यात, म्हणजे इथल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, ती पिवळ्या भाताची रास, मोगरा आणि एक नवं नक्षीदार वस्त्र घेऊन वर येत. मला आवडायचं ते. डोंगर झालो म्हणून काय झालं, कुणी आठवणीने आणलेलं वस्त्र कुणाला नको असतं?

मी पेटलो, फुटलो, असं ती माणसं कधीच म्हणत नाहीत. तसं म्हणणं उद्धटपणाचं. माझ्या शेंड्यावर धूर वाढला की ती म्हणतात, 'आजोबांकडे कार्य निघालंय.' मग गावात कुणी शीळ घालत नाही, माझ्याकडे बोट दाखवत नाही. कार्य असलेल्या घरी जसं अदबीने वागावं तसं सगळे वागतात.

माझा एक राखणदारही असतो. सुलतानाच्या राजवाड्यातून त्याची नेमणूक होते आणि गावातलं सगळ्यांत वरचं घर त्याचं. आजोबांकडे कार्य असेपर्यंत राखणदाराने घर सोडायचं नाही आणि त्याच्या घरची चूल विझू द्यायची नाही, अशी रीत आहे. या रीतीतून गावाला एक सवय लागली. धूर वाढला की लोक सकाळी उठून वर बघत. माझ्याकडे नाही. राखणदाराच्या छपराकडे. तिथून धुराची रेघ निघत असली की म्हणत, राखणदार आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. खरं सांगतो, मला याचा राग यायचा. माझा धूर केवढा आणि त्या चुलीचा केवढा!

मी ज्याची गोष्ट सांगतोय तो राखणदार जोयो. वाळलेल्या शेंगेसारखा किडकिडीत, लवंगेच्या वासाच्या सिगरेटी ओढणारा, शब्दाला पक्का. त्याची बायको लासिनेम. घरातली चूल तिच्या सासूने तिच्या हाती दिली होती, तेव्हापासून रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची आणि सकाळी फुंकून जागे करायचे, हे तिचं काम. याआधी मी खवळलो तेव्हा माझा सगळा लोंढा पश्चिमेच्या घळीतून उतरला होता. गावाला धग लागली नव्हती. तेव्हापासून तर लोकांचा त्या चुलीवरचा विश्वास दगडासारखा झाला.

त्या वर्षी मात्र माझं पोट दक्षिणेकडून फुगू लागलं. मला ते आतून कळत होतं. गावाकडच्या बाजूचे झरे आटले. माकडं पिल्लं पोटाशी घेऊन खाली उतरली. गायी दावणीला उभ्या राहायच्या, बसायच्याच नाहीत.

पायथ्याशी माझ्यावर नजर ठेवणाऱ्या निरीक्षण चौकीत रेत्नो नावाची बाई काम करायची. ती याच गावची लेक. ती रोज फटफटीवर वर यायची आणि कर्ण्यावरून 'खाली चला' म्हणत घसा कोरडा करून जायची. एकदा ती गोठ्याशी थांबली. तिथे सुगेंग गवताचा भारा बांधत होता. सुगेंग गावातला सगळ्यांत थट्टेखोर माणूस, पण सकाळी कुठे जायचं आणि कुठे नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरायचं.

"सुगेंगदादा, गायी खाली न्या. यंत्राची सुई सारखी थरथरतेय."

"थंडी वाजत असेल तिला. स्वेटर घाल एखादा."

गोठ्यातले सगळे हसले. रेत्नो नाही हसली.

"या वेळी फुगवटा आपल्या बाजूला आहे, दादा. पश्चिमेच्या घळीत जायचा नाही तो. इकडेच येणार."

"बाई, तू शिकलीस, मोठी झालीस, कबूल. पण जरा वर बघ. धूर दिसतो?"

"दिसतो की! केवढा काळा आहे!"

"तो नाही गं. तो आजोबांचा. मी जोयोकाकांच्या चुलीचं म्हणतोय. काकांना भात शिजवायला सवड आहे, म्हणजे आपल्याला गवत कापायला आहे. जा, चहा घे जा माझ्या घरी, बायकोने केलाय."

रेत्नो चहाला गेली नाही. ती तशीच चढ चढून जोयोच्या घरी गेली.

"काका, तुम्ही खाली चला. तुम्ही उतरलात की सगळे उतरतील."

"मी शब्द दिलाय, पोरी. आजोबांकडे कार्य असताना मी दार सोडायचं नाही."

"आणि गावाचं काय?"

"गावाला मी रोज सांगतो, जा म्हणून. कालही सांगितलं. ऐकतात का? म्हणतात, काका, तुम्ही आधी. आता याला मी काय करू?"

जोयो खरंच सांगत होता. पण त्याचं तोंड काय बोलतं याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे त्याच्या छपराकडे बघत होते. रेत्नोच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. ती उठली. लासिनेम आत कंद सोलत बसली होती, ती हात पुसत तिच्यामागे अंगणाच्या कडेपर्यंत आली.

"तुमच्या त्या गाड्या सकाळी येतात ना गं?"

"येतात, काकू, लोकांना न्यायला. आणि रिकाम्या परत जातात."

"उद्या जास्त पाठव."

रेत्नो तिच्याकडे बघत राहिली. लासिनेम आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोयो मोगऱ्याची ओंजळ घेऊन घराच्या वर असलेल्या प्रार्थनेच्या शिळेकडे गेला. लासिनेम चुलीपुढे बसली. बराच वेळ ती नुसती बसून होती. तिने निखारे फुंकले नाहीत, लाकूडही सारलं नाही. मग तिने रांजणातून पाणी काढलं. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावरच सांडलं. मित्रांनो, तिला माझी भीती वाटत नव्हती. रीत मोडायची भीती वाटत होती. चार पिढ्यांच्या सासवा तिच्याकडे बघतायत असं तिला वाटत असणार. तिने पाणी ओतलं. चूल मोठ्याने चरचरली. तिने निखारे उकरले आणि पुन्हा ओतलं.

खाली सुगेंग गवत कापत होता. त्याने सवयीने मान वर केली आणि त्याचा विळा तसाच हातात राहिला. छपरावर काही नव्हतं. त्याने डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

"काका गेले," तो म्हणाला. मग जोरात ओरडला, "अरे, जोयोकाका गेले!"

मग कुणी कुणाला काही विचारलं नाही. दावी सुटली. बायकांनी अर्धकच्चा भात पातेल्यासकट उचलला. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. रेत्नोच्या गाड्या वळणावर उभ्याच होत्या. इतके दिवस कर्णा ओरडत होता तेव्हा जे गाव हललं नाही, ते आता कुणी न सांगता उतरत होतं.

जोयोने शिळेवरून ती रांग पाहिली. त्याला बरं वाटलं. रेत्नोचं अखेर ऐकलं म्हणायचं, असा विचार करत तो घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबला.

"लासिनेम, चूल?"

"विझली."

"विझली की विझवली?"

"विझवली."

त्याने चुलीमागचा कोनाडा चाचपला. मग म्हणाला, "काडेपेटी कुठे आहे?"

"सुगेंगच्या बायकोला दिली. ती गाडीत बसली."

जोयोच्या सदऱ्याच्या खिशात लायटर होता. तिला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्याचा हात खिशात गेला. दाराबाहेर, खालच्या वळणावर गाड्या अजून दिसत होत्या, मागे गायींची रांग होती.

"आता पेटवलीत तर ते परत येतील," ती म्हणाली.

जोयोचा हात बराच वेळ खिशात राहिला. मग तो रिकामाच बाहेर आला. तो उंबरठ्यावर टेकला.

"तू जा. अजून गाडी मिळेल."

"आणि तुम्हाला गार भात कोण वाढणार? उठा, हात धुवा."

तिने कालचा भात वाढला. त्याच्यावर तळलेल्या तेंपेचे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तुकडे आणि मिरचीची चटणी. दोघं दारात बसून जेवली. जोयो म्हणाला, भात गार असला तरी बरा लागतोय. त्यावर ती हसली.

दुपारी माझा दक्षिणेचा फुगवटा ढासळला. माझ्या हातात काहीच नव्हतं, मित्रांनो. शिंक कुणाला धरून ठेवता येते का? राखेचा तो करडा ढग खांद्यावरून उतरला आणि त्याच्या वाटेवर घर, गोठा, झाड काही उरलं नाही.

खालच्या शाळेत गाव उतरलं होतं. सुगेंग प्रत्येक वर्गात डोकावत होता. "काका कुठे आहेत आमचे? आम्हाला थांबवून स्वतः पहाटेच पळाले! आज सोडत नाही त्यांना!" हसत हसत तो शेवटच्या वर्गात गेला. तिथे रेत्नो भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं.

"ते इथे नाहीत?"

तिने मान हलवली.

"मग चूल कुणी विझवली?"

लासिनेम काल अंगणाच्या कडेला 'उद्या जास्त पाठव' म्हणाली होती, ते रेत्नोने सांगितलं. सुगेंग तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझी राख पुन्हा हिरवी झाली आणि गाव त्याच खांद्यावर परत आलं. त्यांनी जोयोच्या नावाने एक दगड उभारलाय. त्यावर फुलं वाहतात आणि मुलांना सांगतात की जोयोने आजोबांना थोपवून धरलं म्हणून गाव वाचलं. मित्रांनो, मला कुणी थोपवलेलं नाही. मला कुणी थोपवू शकत नाही. गाव वाचलं ते एका बाईने घाबरत घाबरत दोन भांडी पाणी ओतलं म्हणून, आणि एका माणसाने खिशातला हात रिकामा बाहेर काढला म्हणून. लासिनेमचं नाव त्या दगडावर नाही. सुगेंग ते सगळ्यांना सांगत असतो. पोरं म्हणतात, सुगेंग आजा आता म्हातारा झाला.

आता नवा राखणदार आहे. त्याचं घर जोयोच्या घराहूनही वर बांधलंय. भला माणूस आहे, शब्दाला पक्का. एकटाच राहतो.

आणि माझं पोट पुन्हा दक्षिणेकडून फुगतंय. झरे आटलेत. माकडं कालच उतरली. रेत्नोच्या जागी आलेला माणूस कर्ण्यावरून ओरडून गेला. मला हाका मारता येत नाहीत, फक्त धूर काढता येतो. तो मी जेवढा जमेल तेवढा काढतोय. पण आज सकाळी नव्या घराच्या छपरावरही धुराची रेघ होती, आणि गाव विळे घेऊन गवताला गेलं.

एकटा सुगेंग गेला नाही. त्याने झऱ्याच्या उरलेल्या पाण्याची घागर भरून घेतली आणि तो नव्या राखणदाराच्या घराकडचा चढ चढायला लागलाय. त्याचे गुडघे धरलेत. दर वळणावर तो घागर खाली ठेवतो, माझ्याकडे बघतो आणि पुन्हा उचलतो. चढ अजून पुष्कळ बाकी आहे. मला थांबता येत नाही, मित्रांनो. तुमच्यापैकी कुणीतरी जा आणि त्या म्हाताऱ्याची घागर धरा.